ठोंबरे काकांचं सोवळं

ठोंबरे काकांनी पहिल्याच दिवशी मला तीन वेळा पादत्राणं बदलायला लावली. दारात माझे बूट काढले, आत प्लॅस्टिकच्या सपाता घातल्या आणि शवविच्छेदनाच्या खोलीच्या उंबऱ्यावर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले. मी म्हटलं, "सर, मला फक्त कॉम्प्युटर कुठे आहे ते दाखवा." तर म्हणाले, "कॉम्प्युटर कुठं पळून नाही चालला. आधी पाय."

ही २००१ सालातली गोष्ट. अमेरिकेत, इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं पुण्या-मुंबईची मुलं बेंचवर बसलो होतो. बेंचवर म्हणजे कंपनी आहे, व्हिसा आहे, पण काम नाही. काम मिळालं नाही तर व्हिसाही राहायचा नाही. अशात एक प्रोजेक्ट आला. दीड तास पश्चिमेला, मक्याच्या शेतांमध्ये, आजारी जनावरांच्या रोगनिदानाची एक लॅब होती. तिथे येणाऱ्या नमुन्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. 'नमुने' म्हणजे मेलेली जनावरं हे कळल्यावर बाकीच्या तिघांना एकदम सर्दी झाली. ज्याच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही असा मी, 'हो' म्हणून बसलो.

लॅबमधला पहिला माणूस मराठी निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. डॉ. प्रभाकर ठोंबरे. साठीच्या आसपासचे, बुटके, अंगानं भरलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशात चार पेनं आणि एक भिंग. नागपूरला जनावरांचे डॉक्टर झाले आणि पुढे शिकायला अमेरिकेत आले, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. "गाईंवर काम कराले आलो होतो," ते सांगायचे. "प्रोफेसरनं हातात डुकराचं पिल्लू दिलं. घरी पत्रात मी पाच वर्षं फक्त 'जनावरं' एवढंच लिहिलं. आईला वाटे, पोरगा गोमातेची सेवा करून राहिला!" मग स्वतःच इतके हसायचे की खिशातली पेनं खाली पडायची.

मी त्यांना माझा पहिला स्क्रीन दाखवला. त्यात 'जुलाब' असा एक खाना होता, हो किंवा नाही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घराण्याचा अपमान केला आहे.

"एकच?"

"मग किती हवेत?"

"सात." आणि त्यांनी उभ्या उभ्या सातही प्रकार सांगितले. रंग कोणता, पाणी किती, वास कसा, त्यात न पचलेल्या दुधाच्या गाठी आहेत की नाहीत. मी सातही लिहून घेतले. त्या दिवशी डबा न उघडता परत नेला.

काकांचा सगळा जीव एका विषाणूत होता. डुकराच्या पिल्लांच्या आतड्यात शिरणारा कोरोना विषाणू. तेव्हा हा शब्द जगात कुणाला ठाऊक नव्हता. काकांच्या तोंडी मात्र तो घरातल्या वाया गेलेल्या भाच्यासारखा यायचा, संतापाने आणि थोड्या कौतुकानेही. रोगाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. काका त्याला 'हिवाळ्याचं दुखणं' म्हणत, कारण त्याला थंडी मानवते, ऊन सोसत नाही.

एकदा त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. टेबलावर चार दिवसांचं पिल्लू होतं. मी भिंतीकडे बघत होतो. "तिकडे काय पाहून राहिला? इकडे पाह्य. आधी डोळे, मग सुरी." त्यांनी आतड्याचा एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तो इतका पातळ होता की पलीकडचं झाड दिसत होतं. मग दुसऱ्या, निरोगी पिल्लाचा तुकडा. त्यातून काही दिसेना. दोन्ही तुकडे बशीतल्या पाण्यात सोडून त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. निरोगी तुकड्यावर बारीक बारीक बोटांसारखी लव पाण्यात डुलत होती. दुसरा सपाट होता.

"नवा टर्किश टॉवेल," निरोगी तुकड्याकडे बोट दाखवून काका म्हणाले. "आणि हा धुऊन धुऊन विरलेला पंचा. टॉवेल पाणी पितो, पंचा काय पिणार? हा बदमाश शिरतो आन् टॉवेलचे धागेच खाऊन टाकतो. आईचं दूध पोटात जाते, पण पचत नाही, जिरत नाही. उलट अंगातलंच पाणी ओढून बाहेर. पिल्लू विषाणूनं मरत नाही बाप्पा. भरल्या आचळासमोर तहानेनं मरते!"

हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षं रोज तेच बघणाऱ्या माणसाचा आवाज असा चढतो, याचंच मला नवल वाटलं. मी भिंग परत दिलं नाही, आणखी पाच मिनिटं बघत राहिलो. तोवर मी फक्त पगारासाठी तिथे जात होतो. त्यानंतर तिथे पोचायची मला घाई व्हायला लागली.

काकांचं दुसरं वेड म्हणजे सोवळं. देवाधर्माचं नव्हे, देवाची पूजा काय ती त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, करायच्या. काकांचं सोवळं बुटांचं होतं. त्यांच्या गाडीच्या डिकीत दोन टब असत. निळ्यात स्वच्छ सामान, लालमध्ये वापरलेलं. लालमधली वस्तू लॅबमध्ये जंतुनाशक औषधात बुडून निघाल्याशिवाय निळ्यात जायची नाही. एका फार्मवरून त्याच दिवशी दुसऱ्या फार्मवर जायचं नाही. जावंच लागलं तर लहान जनावरं आधी, मोठी नंतर, निरोगी आधी, आजारी शेवटी. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी आधी पायाखाली वर्तमानपत्र पसरणार. "आमची आजी सोवळ्यात कुणाला शिवू देत नव्हती, तेव्हा मी हसत होतो," ते म्हणायचे. "आता गोऱ्या शेतकऱ्यांना तेच शिकवून राहिलो. बाळंतिणीच्या खोलीत कुणी पाय न धुता जाते का?" डुकरिणी जिथे वितात त्या बार्नला, म्हणजे गोठ्याला, ते बाळंतिणीची खोलीच म्हणत.

मग २००३ साल उजाडलं आणि सार्स ही फुप्फुसाची साथ आली. टीव्हीवर रात्रंदिवस मास्क लावलेली माणसं, आणि खाली पट्टीवर तो शब्द: कोरोनाव्हायरस. काकांचा फोन वाजायचा थांबेना. इतकी वर्षं 'डुकरांचे डॉक्टर' म्हणून ज्यांना पंगतीत कोपऱ्यात बसवलं, त्या ठोंबऱ्यांना शॉमबर्गच्या मराठी मंडळींनी पाडव्याच्या कार्यक्रमात भाषणाला बोलावलं. शाळेचा हॉल खच्चून भरला. हार्टचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, आम्ही सगळे आयटीवाले.

भाषण जेवणाआधी होतं आणि जेवणात श्रीखंड होतं. काकांनी तिसऱ्याच स्लाइडवर पिल्लाचं उघडलेलं पोट दाखवलं, आत पिवळट, घट्ट, न पचलेलं दही. पहिल्या रांगेतल्या एक मावशी उठून गेल्या. सुमनकाकू मागून मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, जेवण आहे लोकांचं!" काका म्हणाले, "हो, तेच सांगतो आहे, हे त्याचं जेवण होतं." मग त्यांनी पिशवीतून टर्किश टॉवेल आणि पंचा काढला. काकूंच्या घरातलाच, कडेला भोक पडलेला. हॉल हसून लोळला.

एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उठून उभी राहिली. "But why only the babies? Why don't the big pigs die?"

काकांचा चेहरा असा उजळला की आम्ही सगळे हसायचे थांबलो. "शहाणी गं माझी बाई! इतक्या डॉक्टरांत कुणी विचारलं नाही." मग तिच्यासाठी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी करत सांगितलं. टॉवेलचे धागे रोज झिजतात, रोज खालून नवे येतात. मोठ्या डुकराचे दोन-तीन दिवसांत पुन्हा उगवतात, म्हणून ते चार दिवस आजारी पडतं आणि उठतं. नवजात पिल्लाला त्याच कामाला आठवडा लागतो. "And he doesn't have one week, बेटा. He has two days. He is too new."

"So they just die?"

"आईच्या दुधात औषध असेल तर नाही. आईला आधी हा आजार होऊन गेला असेल, तर तिचं दूध बाळाच्या आतड्याला रंग लावल्यासारखं लेप देते. रोज द्यावं लागते. एक दिवस दूध चुकलं की लेप गेला."

शेवटी कुणीतरी विचारलं की हा विषाणू आतड्यातून फुप्फुसात कसा जाऊ शकतो. काका अक्षरशः टाळी वाजवून उभे राहिले. डुकरांच्या ह्याच विषाणूचा एक तुकडा गळून पडला, ते म्हणाले, आणि त्याचा पत्ताच बदलला; आतडं सोडून तो फुप्फुसात राहायला गेला, आणि तिथे डुकरं जेमतेम शिंकतात. उलट त्या शिंकेनं त्यांना आतड्याच्या दुखण्यापासून थोडं संरक्षणही मिळतं. "एक तुकडा हरवला आन् स्वभाव बदलला! माणसांचं असं झालं असतं तर किती बरं होतं!" त्या दिवशी श्रीखंड पुष्कळ उरलं. काकांनी तीन वाट्या खाल्ल्या.

आता त्याच वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. काकांची म्हणून मी कुणालाही एकच गोष्ट सांगायची तर हीच सांगेन.

नवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. सुमनकाकूंनी ही पूजा तीस वर्षं इलिनॉयमध्ये चुकवली नव्हती. काकांची सुरी, भिंग, रबरी बूट, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. त्या दिवशी काका एका फार्मवर गेले होते आणि तिथे हिवाळ्याचं दुखणं निघालं होतं, थंडी नीट पडायच्याही आधी. लॅब बंद झालेली. बूट लाल टबात टाकून, उद्या सकाळी औषधात बुडवू म्हणत ते घरी आले आणि अंघोळीला गेले. तीस वर्षांतला हा पहिला 'उद्या', आणि दसऱ्याच्या गडबडीत तो राहूनच गेला. काकूंनी डिकी उघडून दोन्ही टब घरात आणले, बूट नळाखाली धुतले, पुसले, पुजले. आणि दुसऱ्या दिवशी सगळं सामान एकाच टबात भरलं, निळ्या. देवापुढून उठलेली वस्तू पुन्हा घाणीच्या टबात कोण टाकेल? मीही टाकली नसती.

तिसऱ्या दिवशी काका डोरिसच्या फार्मवर गेले. डोरिस म्हणजे पासष्टीची, उंच, पुरुषी आवाजाची बाई. नवरा हॅरल्ड दोन वर्षांपूर्वी गेलेला. ती एकटी शंभरेक डुकरिणी सांभाळायची. काकांचं आडनाव तिला कधी जमलं नाही, ती त्यांना 'डॉक टॉम' म्हणे. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण डोरिसचं 'यू' मला नेहमी 'तू'च ऐकू यायचं. एक डुकरीण लंगडत होती म्हणून तिनं बोलावलं होतं. काकांनी निळा टब उघडला. आत बुटांचे दोन जोड होते, दोन्हींवर कुंकवाची बोटं. सुमननं जास्तीचा जोड ठेवला असेल असं त्यांना वाटलं. हसून त्यांनी वरचा जोड पायात घातला आणि ते बाळंतिणीच्या खोलीतून फिरले.

दोन दिवसांनी डोरिसचा फोन आला. पिल्लं ओकतायत. आईच्या अंगावर ढीग करून कुडकुडतायत, शेपट्या ओल्या.

शनिवारी सकाळी काकांचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना. "तुझी गाडी कधी एखाद्या फार्मवर गेली आहे का?"

"नाही काका. ऑफिस आणि पटेलांचं दुकान, बस."

"मग तुझी गाडी सोवळ्यातली आहे. मला डोरिसकडे ने. माझी गाडी त्या बाईच्या दारात पुन्हा न्यायची मला लाज वाटते."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. लॅबमधल्या एका तरुण सहकाऱ्यानं सांगितलं होतं की साळुंक्यांसारखी ती काळी पाखरं या फार्मवरून त्या फार्मवर दाणे टिपत फिरतात, त्यांच्या पायांतूनही विषाणू जातो, तुम्ही कशाला स्वतःवर ओढवून घेता. "होऊ शकते," काका म्हणाले. "पाखरांनीही आणला असेल. पण पाखरांवर ढकलून मला झोप येणार नाही."

"आणि काकू?"

"सुमनचं नाव काढायचं नाही. ती पूजा करत होती. बूट मी आणले, मी घातले." मग खिडकीबाहेरच्या मक्याकडे बघत म्हणाले, "डोरिस म्हणाली होती, हॅरल्डनंतर एक जरी हिवाळा असा गेला तर डुकरं बंद. तिचा बार्न बंद पडला तर तो माझ्या पायांनी पडला."

डोरिस फाटकापाशी आली. काकांनी टोपी काढली आणि एका दमात सांगितलं. बूट, टब, तारखा, सगळं. इंग्रजी इतकं साधं वापरलं की मला प्रत्येक शब्द लागला. डोरिसच्या हातात बादली होती, ती तिनं खाली ठेवली. मला वाटलं, आता ही म्हातारी बंदूक आणते.

"किती वाचतील?" तिनं विचारलं.

"आठवड्याच्या आतली एकही नाही. त्यावरची काही."

"पुढच्या डुकरिणी कधी विणार?" असं स्वतःलाच विचारत ती बोटांवर मोजू लागली. डुकरिणीचे गाभणपणाचे दिवस तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. "पहिली चोवीस दिवसांनी."

"चोवीस!" काका इतक्या जोरात ओरडले की मी दचकलो. "डोरिस, चोवीस आहेत? नक्की? अगं, तीन आठवडे पुरतात!"

मला काही कळेना. डोरिसला मात्र कळलं. हॅरल्डनं फार पूर्वी एकदा तेच केलं होतं. मेलेल्या पिल्लांची आतडी गाभण डुकरिणींच्या खाण्यात मिसळायची. त्यांना आजार होतो, चार दिवसांत त्या बऱ्या होतात, आणि त्यांच्या दुधात ते औषध उतरतं. वेळेवर उतरलं तर. ज्यांची आतडी, त्यांच्याच अजून न जन्मलेल्या भावंडांसाठी. पुण्यातल्या माझ्या आईला मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

"मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे," डोरिस म्हणाली. "पण आत ये, डॉक. काम पडलंय."

पुढचे चोवीस दिवस काकांनी लॅबमधून सुट्टी घेतली. दुसऱ्या एकाही फार्मवर पाऊल टाकलं नाही. रोज डोरिसकडे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मेलेली पिल्लं उचलायची, फरशा घासायच्या, भिंती औषधानं धुवायच्या. मला रोज फोन. एकदा मी क्लायंटच्या मीटिंगमध्ये होतो आणि चुकून स्पीकरवर घेतला. "लागले! सगळ्यांना जुलाब लागले! एक डुकरीण नाही सुटली!" टेबलाभोवतीच्या सगळ्या गोऱ्या चेहऱ्यांकडे बघत मी म्हटलं, "माय अंकल. गुड न्यूज." हे खोटं नव्हतं.

पहिली डुकरीण ठरल्या दिवशी व्यायली. मग दुसरी, तिसरी. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. काकांचा फोन आला नाही. मी केला तर काकूंनी उचलला. "ते जेवत नाहीत रे. विचारलं तर म्हणतात, चौथा दिवस जाऊ दे." मग म्हणाल्या, "मला सांगितलं नाही त्यांनी. पण मी काय वेडी आहे का? टबात मीच भरलं होतं."

चौथ्या दिवशी मी ऑफिसला सिक लीव्ह टाकली आणि गेलो. फाटकाजवळ डोरिसनं एका खिळ्यावर बुटांचा नवा जोड टांगला होता. वर काळ्या मार्करनं DOC. बाहेरून कुणाचेही बूट आता आत जाणार नव्हते. मला तिनं हॅरल्डचे जुने दिले, त्यातल्या एकातच माझे दोन्ही पाय मावले असते.

काका बाळंतिणीच्या खोलीत उपड्या बादलीवर बसले होते. डुकरिणी आडव्या पडून घोरत होत्या आणि पिल्लांच्या रांगा चुरूचुरू पीत होत्या. काका एकेक पिल्लू उचलत, शेपटी वर करत, बोट लावून बघत.

"कोरडी." खाली ठेवलं. दुसरं उचललं. "कोरडी." तिसरं. "कोरडी!"

डोरिस त्यांच्या मागे हातात वही घेऊन उभी होती आणि प्रत्येक वेळी पुटपुटत होती, "कोर्डी. ओके. कोर्डी." शेवटचं पिल्लू खाली ठेवल्यावर काका उठायला गेले आणि उठता येईना. पाय बधिर झाले होते. आम्ही दोघांनी त्यांना धरून उभं केलं, आणि तेव्हा ते डोरिसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, भर बार्नमध्ये, सगळ्या डुकरिणींच्या देखत. डोरिसनं त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या, गाईच्या पाठीवर मारतात तशा, आणि म्हणाली, "त्या डुकरिणीचा लंगडा पाय अजून तसाच आहे, डॉक. त्याचं बघ आता."

पुढच्या नवमीला सुमनकाकूंनी पूजा गॅरेजमध्ये मांडली. लाल टबाचं झाकण उघडलं नाही. वरूनच हळदकुंकू वाहिलं. काका मला म्हणाले, "आता खरं सोवळं शिकली." काकू म्हणाल्या, "मी शिकले? आणि 'उद्या धुतो' कोण म्हणालं होतं?" काकांनी मान खाली घातली. त्यांनी मान खाली घातलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

२००८ मध्ये काका रिटायर झाले. दूर पश्चिमेला, बेलव्ह्यूला मुलगी होती, नात झाली होती, काका-काकू तिकडे राहायला चालले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. त्यांची गाडी विकली गेली होती. "डोरिसचा निरोप घ्यायचा आहे."

मी दुपारी लॅबपाशी पोचलो तर काका लॅबमध्येच अंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर उभे. सकाळी टेबल आवरायला गेले होते, तेवढ्यात कुणीतरी एक पिल्लू आणलं. नव्या डॉक्टरांना शंका होती. "मग?" मी विचारलं. "मग काय? आधी डोळे, मग सुरी." त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता आणि आनंद लपत नव्हता. "पातळ होतं. पंचा."

डोरिसच्या फाटकासमोर रस्त्यावर एक पांढरी रेघ होती. पाच वर्षांपूर्वी काकांनीच ती रंगवली होती. काका गाडीतून उतरले, रेघेपाशी गेले आणि थांबले. पलीकडे खिळ्यावर त्यांचे बूट टांगलेले होते, धुतलेले, DOC पुसट झालेलं.

डोरिस बार्नमधून हाक मारत आली. "ये की!"

"नाही," काका ओरडले. "आज मी ओवळा आहे. सकाळी एक उघडलं."

डोरिस मधेच थांबली. सत्तरीची झाली होती, थोडी वाकली होती. दोघांमध्ये वीस पावलं अंतर होतं. तिनं नियम मोड असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर काकांना ते आवडलं नसतं, हे तिला माहीत होतं.

"बुटांचं काय करू?" तिनं विचारलं.

"राहू देत. नवा डॉक्टर येईल. त्याचा पाय माझ्याएवढाच आहे."

वारा होता, मक्याची पानं वाजत होती. डोरिस एकदम वळली आणि आत गेली. मला वाटलं, झालं, बाई रागावली. काकांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी टोपी घातली. तेवढ्यात ती दारात आली. तिच्या दोन्ही हातांत एक पिल्लू होतं, किंचाळणारं, गुलाबी, जेमतेम चार दिवसांचं. तिनं ते डोक्याच्या वर उचललं, फिरवून त्याचं बूड आमच्याकडे केलं आणि पूर्ण ताकदीनं ओरडली:

"कोर्डी, डॉक! कोर्डी!"

काकांनी हात वर केला. तो पिल्लू पुन्हा आत जाईपर्यंत खाली आला नाही.

मग ते येऊन गाडीत बसले. मागच्या सीटवर त्यांच्या परतीसाठी ठेवलेलं नवं वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं होतं. ते पायाखाली पसरायला काका विसरले, आणि मी आठवण केली नाही.